बुशक्राफ्टचा चाकू पारखायचा तो आपल्या मातीतल्या लाकडावर

दर मे महिन्यात आमच्या सोसायटीत फांद्या छाटायला माणसं येतात. दुपारपर्यंत गेटजवळ सुबाभूळ, गुलमोहर, सोनमोहर आणि आंब्याच्या फांद्यांचा ढीग लागतो. संध्याकाळी टेम्पो येतो आणि तो घेऊन जातो. मधल्या दोन-चार तासांत मी माझं वर्षभराच्या सरावाचं लाकूड बाजूला काढून ठेवतो. चाकू घेऊन लाकडावर काम करायला शिकायचं असेल, तर ठाण्यात सुरुवात करायला याहून चांगली जागा मला तरी सापडलेली नाही.

बुशक्राफ्ट म्हणजे रानात कमीत कमी हत्यारांनी गरजेच्या वस्तू करून घेणं: तंबूची मेख, भांडं टांगायची आकडी, ढवळायला डाव, शेकोटीसाठी छिलके. त्यासाठीचा चाकू साधारण १० सेंटीमीटर पात्याचा, न दुमडणारा आणि सरळ पाठीचा असतो. स्वीडनमधल्या मोरा गावच्या नावाने ओळखले जाणारे चाकू याच घडणीचे. चाकू कसा तपासायचा हे दाखवणारे बहुतेक लोक थंड प्रदेशातले असतात आणि त्यांच्या हातात पाइन किंवा बर्च असतो. पाइनच्या तंतूंची रेषा सरळ, लाकूड मऊ, त्यात राळ भरलेली. तिथे जो चाकू लोण्यातून जावा तसा जातो, तोच वाळलेल्या सुबाभळीवर अडखळतो आणि बांबूच्या सालीवर तासाभरात बोथट होतो. म्हणून चाकूची परीक्षा घ्यायची तर ती आपल्याकडे मिळणाऱ्या लाकडावर आणि आपल्या दमट हवेत घ्यायला हवी. खाली दिलेली कृती दोन रविवारांची आहे. मी नवा चाकू घेतो किंवा कोणाला शिकवतो, तेव्हा याच क्रमाने जातो.

लाकूड कुठून आणायचं, कुठून नाही

हा भाग आधी, कारण इथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया. येऊरचा डोंगर दारात आहे म्हणून चाकू घेऊन तिकडे जायचं नाही. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची आपल्या बाजूची कड. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे राष्ट्रीय उद्यानातून झाडपाला किंवा लाकूड नेता येत नाही, आणि परवानगीशिवाय शस्त्र घेऊन आत शिरताही येत नाही. जमिनीवर पडलेली सुकी फांदीसुद्धा तिथल्या वाळवीची, भुंग्यांची आणि पुढे मातीची असते. खाडीकाठच्या खारफुटीलाही हात लावायचा नाही. ती कायद्याने संरक्षित आहे आणि ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. शहरातल्या रस्त्याकडेच्या आणि सोसायटीतल्या उभ्या झाडांना १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, म्हणजे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत.

मग उरतं काय? भरपूर उरतं. पावसाळ्याआधी परवानगीने छाटलेल्या फांद्या, वादळात पडलेल्या फांद्यांचे ढीग (उचलणाऱ्यांना विचारून), सुताराकडचे तुकडे, बांबूवाल्याकडचा बांबू, आणि ओळखीच्या कोणाची वाडी. माझ्या एका मित्राची टिटवाळ्याच्या पुढे छोटी वाडी आहे. आवाज होणारी आणि ठिणगीची कामं मी तिथेच करतो. खाजगी जमीन असली तरी साग, खैर, ऐन, आंबा अशी झाडं १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात येतात, हे वाडीच्या मालकालाही सांगून ठेवा. बांबूची मात्र अडचण नाही: २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू भारतीय वन अधिनियमात झाड म्हणून धरला जात नाही.

चाकू नेण्याबद्दलही थोडं. शस्त्रांच्या नियमांमध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू वेगळ्या वर्गात येतात. घरगुती किंवा शेतीच्या वापराची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. १० सेंटीमीटर म्हणजे ४ इंच, त्यामुळे आपला चाकू त्या मापाच्या खूप आत राहतो. पण शहरात सणासुदीला, निवडणुकीला पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात आणि त्यात चाकू-सुरे बाळगण्यावर बंदी असते. असा आदेश चालू असताना चाकू घरीच ठेवा. एरवीही तो कमरेला लावून स्टेशनवर फिरायचं नाही. म्यानात घालून, जाड कापडात गुंडाळून, दोरी बांधून सॅकच्या तळाशी ठेवायचा. कमरेला लावायचा तो वाडीच्या फाटकाच्या आत गेल्यावर.

कोणतं लाकूड कशाला

सरावाला सगळ्यात चांगली सुबाभूळ, पण ती ओली असताना. छाटल्यापासून आठवडाभराच्या आत तिची साल सुटून येते, रेषा बऱ्यापैकी सरळ असते आणि ढलपी स्वच्छ निघते. तीच वाळली की चांगली कठीण होते, तेव्हा धार किती टिकते हे बघायला कामी येते. गुलमोहर हलका आणि ठिसूळ. चाकू बोथट असेल तर तो लगेच चुगली करतो, कारण कापाच्या जागी तंतू उसवल्यासारखे उभे राहतात. काळा कुडा मिळाला तर जपून ठेवा. पांढरं, बारीक रेषेचं लाकूड. चन्नपट्टणची लाकडी खेळणी यापासूनच करायची परंपरा आहे. आंबा मध्यम, डावाला चांगला. साग सुताराकडे सहज मिळतो, पण त्याच्यात सिलिका असते आणि ती धार खाते. चिंच, बाभूळ आणि खैर पहिल्या दिवशी नकोच. खाटकाचा ओंडका चिंचेचा का असतो, हे एकदा त्यावर चाकू चालवून पाहिलं की कळतं.

काही झाडांपासून जपून राहा. कण्हेर विषारी आहे. तिच्या काडीवर काही भाजायचं किंवा तिचा डाव करायचा विचारही नको. नवी मुंबईच्या टेकड्यांवर भरपूर लावलेली गिरिपुष्प, जिला आपण उंदीरमारी म्हणतो, तिचं नावच पुरेसं आहे: मेख करा, पण खाण्याच्या वस्तू नकोत. बिब्ब्याच्या आणि काजूच्या चिकाने कातडीवर फोड येतात. झाड ओळखता येत नसेल, तर ते लाकूड सोडून द्या. आणि ढिगातली फांदी उचलण्याआधी दुसऱ्या काठीने हलवून बघा, खाली विंचू किंवा फुरसं असू शकतं.

लाकडाला लावण्याआधी

नवा चाकू हातात आला की पाच गोष्टी बघतो.

म्यान: चाकू आत घालून म्यान उलटं करा आणि हलवा. चाकू पडला तर तो म्यानाचा दोष, आणि चाकू कितीही चांगला असला तरी असं म्यान कमरेला लावायचं नाही.

मूठ: घट्ट धरून डोळे मिटा. बोटांना कुठे कडा टोचते का? आता टोचणारी कडा अर्ध्या तासात फोड आणते. तळहाताला घाम येऊ द्या किंवा हात ओला करून पुन्हा धरा. आपल्याकडे आठ महिने हात घामेजलेलाच असतो, त्यामुळे कोरड्या हाताची पकड हा फक्त अर्धा निकाल.

पाठ: पात्याची पाठ काटकोनात, कडा सरळ आणि खरखरीत हवी. सुक्या काठीवर पाठ घासा; बारीक भुसा निघाला तर पाठ कामाची. गोल पाठीने ठिणगी नीट पडत नाही. पाठ कानशीने सरळ करता येते, पण पात्याला उष्णता लागू न देता, हळूहळू.

टँग, म्हणजे पात्याचा मुठीत शिरलेला भाग: तो शेवटपर्यंत असेल तर चाकू जास्त मार सोसतो. अर्धा किंवा पाऊण असला तरी घाबरायचं कारण नाही, फक्त तो चाकू जाड लाकूड फोडायला वापरायचा नाही.

शेवटी धार. वर्तमानपत्राचं पान हवेत धरून वरून खाली कापा. पान कुठे अडकलं, तर पात्याची तीच जागा उजेडाखाली धरा. तिथे चकाकणारा बारीक ठिपका दिसतो, तो बोथट भाग. खरी धार उजेडात दिसत नाही.

बुशक्राफ्टच्या बहुतेक चाकूंची घडण स्कँडी असते: धारेचा उतार पात्याच्या साधारण अर्ध्यातून सुरू होतो आणि एकच सपाट पृष्ठभाग होऊन धारेपर्यंत जातो. दोन्ही बाजू मिळून कोन २५ अंशांच्या आसपास. हा सपाट उतार लाकडावर रंध्यासारखा टेकतो आणि किती खोल जायचं ते हाताला कळत राहतं. स्वयंपाकघरातल्या सुरीने काठी तासताना ती एकदम आत घुसते किंवा घसरते, कारण तिला हा टेका नसतो.

बसायचं कसं

हात लांब करून चाकू (म्यानात ठेवून) चारी बाजूंना फिरवा. त्या वर्तुळात कोणी नको, मूल तर नकोच. खुर्चीत बसला असाल तर कोपरं गुडघ्यांवर टेकवा आणि काम गुडघ्यांच्या पुढे करा. मांड्यांच्या मधल्या जागेत कधीच कापायचं नाही. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते, ती कापली गेली तर काही मिनिटंच हातात असतात. मांडी घालून बसायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे खास सांगावं लागतं, कारण मांडी घातली की लाकूड आपोआप मांडीवर येतं. त्यापेक्षा पाटावर एक गुडघा टेकून बसा आणि काम पुढ्यातल्या ओंडक्यावर करा.

जवळ स्वच्छ कापड, गॉज आणि चिकटपट्टी ठेवा. कापलं तर दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचं, मध्ये उघडून बघायचं नाही. रक्त धावत असेल तर १०८. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, ते कामाला बसण्याआधीच आठवा.

पहिला रविवार: एक काठी, सहा काप

अंगठ्यापेक्षा थोडी जाड, ६० सेंटीमीटर लांब, सरळ, ओल्या सुबाभळीची काठी घ्या. तिला मी सराव-काठी म्हणतो. एकाच काठीवर सगळे काप करायचे, म्हणजे चाकूचे गुण आणि आपल्या हाताचे दोष शेजारीशेजारी दिसतात.

पहिला काप: टोक गोल करणं. काठीचं एक टोक ओंडक्यावर टेकवा, चाकू अंगापासून लांब ढकला आणि सगळीकडून थोडं थोडं काढत घुमट करा. मनगट हलवायचं नाही. हात कोपरात ताठ, जोर खांद्यातून. मनगटाने कापणाऱ्याचा हात दहा मिनिटांत दुखतो आणि दुखरा हात घसरतो.

दुसरा: दुसऱ्या टोकाला चौकोनी अणी. चारही बाजूंनी सपाट उतार काढायचा, पेन्सिलीसारखा गोल नाही. इथे चाकू आणि लाकूड यांची ओळख होते. उतार सपाट आला तर तुम्ही धारेचा कोन एकसारखा धरला. लाटा आल्या तर पात्याला आत-बाहेर होऊ दिलं.

तिसरा: इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. एका बाजूने तिरकं कापायचं, मग दुसऱ्या बाजूने, ढलपी पडेपर्यंत. इथे अंगठ्याचा काप वापरा: चाकू एका हातात धरून, लाकूड धरलेल्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवायचा आणि त्या अंगठ्याने ढकलायचं. चाकूचा हात फक्त दिशा देतो. जोर अंगठ्यात असल्यामुळे पातं सेंटीमीटरभरच पुढे जातं आणि थांबतं. मला विचाराल तर सगळ्या कापांत हा सगळ्यात उपयोगी, आणि शिकवताना बहुतेक लोक हा शेवटी घेतात याचं मला वाईट वाटतं.

चौथा: मेखेची खाच, इंग्रजी सात (7) आकड्यासारखी. आधी आडवा काप, काठीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत. पातं काठीवर आडवं टेकवून पाठीवर छोट्या लाकडाने हलकेच ठोका, किंवा चाकू दाबत काठी पुढेमागे फिरवा. या आडव्या कापाला थांबकाप म्हणूया, कारण पुढची ढलपी तिथे येऊन थांबते. आता अणीच्या बाजूने तिरका उतार काढत थांबकापापर्यंत या. उतार तिथे पोहोचला की ढलपी आपोआप सुटते. सुटली नाही तर ओढून काढू नका, ओढलं की रेषेबरोबर लाकूड खाली चिरत जातं. थांबकाप थोडा खोल करा. एक तृतीयांशाच्या पुढे गेलात, तर मेख जमिनीत ठोकताना त्याच जागी मोडेल.

पाचवा: कडा मोडणं. घुमट केलेल्या टोकाच्या खाली सगळीकडून पातळशी कड काढून टाका. यामुळे मेखेच्या डोक्यावर ठोकलं की ते फुटत नाही. छोटं काम, पण हे न केलेल्या मेखा पहिल्याच पावसाळी सहलीत निकामी होतात.

सहावा: छातीचा काप. दोन्ही हात छातीशी आणा. एका हातात काठी, दुसऱ्यात चाकू, धार बाहेरच्या बाजूला. आता छाती फुगवून दोन्ही कोपरं मागे घ्या. पाठीच्या स्नायूंनी कापलं जातं, धार शरीरापासून लांब जाते आणि जोर खूप मिळतो. वाळलेल्या लाकडावर याला तोड नाही.

काठी पूर्ण झाली की मूठ बघा. तळहातावर कुठे लाल झालं? ती जागा पेनाने मुठीवर खूण करून ठेवा. पुढच्या वेळी तिथेच पुन्हा लाल झालं, तर लाकडी मूठ असल्यास बारीक पॉलिशपेपरने ती कड काढा. चाकू हातात बसण्यासाठी थोडा बदलणं यात काहीच गैर नाही. कोकणातला किंवा मुरबाडचा माणूस कोयता घेतो, तेव्हा त्याची मूठ स्वतःच्या हातानुसार तासून घेतोच की.

कोयता असताना हा कशाला?

वाडीवर राखणदारी करणाऱ्या मामांनी मला हाच प्रश्न विचारला होता. त्यांच्या कमरेला आकडीत कोयता कायम असतो, लोहाराने गाडीच्या पाट्याच्या पोलादापासून घडवलेला. मनगटाएवढी फांदी ते दोन घावांत तोडतात. माझ्या चाकूने तेच करायला दहा मिनिटं लागली असती आणि धारही गेली असती. पण कोयत्याने सात आकड्याची खाच करताना मामांचा हात पात्याजवळ यावा लागला आणि त्यांनीच तो थांबवला. तोडायला कोयता आणि करवत, तासायला चाकू. चाकूला घाव घालायला लावणाऱ्या परीक्षा मी करत नाही आणि तुम्हीही करू नका. त्या चाकूचं बळ मोजतात. चाकूचं काम वेगळं आहे.

दुसरा रविवार: बांबू फोडणं आणि छिलके

ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. त्या दिवसांत बाहेर सापडणारं प्रत्येक लाकूड वरून भिजलेलं असतं. कोरडं लाकूड फक्त आत असतं आणि ते बाहेर काढायचा मार्ग म्हणजे फोडणं. म्हणून पात्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकून लाकूड फोडायचं तंत्र यावं लागतं.

खाली ओंडका हवाच. दगडावर किंवा फरशीवर पातं आपटलं की धारेचा तुकडा उडतो, आणि इमारतीत खालच्या घराला हादरे बसतात ते वेगळंच. १० सेंटीमीटरच्या पात्याला फार तर ६ सेंटीमीटर जाडीचं लाकूड द्या. टोक पलीकडे तीन-चार सेंटीमीटर दिसायला हवं, कारण पुढचे ठोके त्या टोकावरच द्यायचे असतात. गाठ असलेलं लाकूड बाजूला ठेवा. पातं मधोमध, मुठीची पातळी जमिनीला समांतर. ठोकायला हातभर लांबीचं, ओलं, जडसर लाकूड. लोखंडी हातोडा कधीच नाही. पातं पूर्ण आत गेलं की टोकावर ठोकत राहा आणि मूठ खाली दाबा. अडकलं तर मूठ पिळू नका. फटीत लाकडाची छोटी पाचर ठोका, पातं मोकळं होईल. चाकू पिळून काढायच्या नादात एकदा माझ्या पात्याच्या धारेतून मुगाच्या अर्ध्या डाळीएवढा तुकडा गेला होता. तो घासून काढायला तीन संध्याकाळी लागल्या.

सुरुवात बांबूपासून करा, कारण तो फुटायला तयारच असतो. दोन-तीन पेरांचा तुकडा उभा धरा, तोंडाच्या मध्यावर पातं टेकवा आणि ठोका. पहिली गाठ ओलांडली की बऱ्याचदा पुढचं हाताने ओढूनच फुटतं. बुरूडांकडे बांबू फोडताना बघायला मिळालं तर जरूर बघा. ते नेहमी मधून दोन, मग त्या दोनांचे चार, असे सारखे भाग करत जातात. एक बाजू जाड आणि दुसरी पातळ असेल तर फट पातळ बाजूकडे पळते. ती परत मध्यावर आणायला जाड बाजू हाताने जास्त वाकवा. फोडलेल्या बांबूची कड ब्लेडसारखी कापते, म्हणून दुसऱ्या हातात जाड हातमोजा घाला. आणि बांबूची बाहेरची साल सिलिकाने भरलेली असते, त्यामुळे अर्ध्या तासाने कागद कापून धार तपासा. चाकूची धार किती टिकते याची माझ्या दृष्टीने ही सगळ्यात खरी परीक्षा.

आता छिलक्यांची काडी. फोडलेल्या सुक्या लाकडाची बोटाएवढी, कोनदार कडा असलेली काडी घ्या. तिच्यावर पातळ छिलके काढायचे, पण खाली सुटू द्यायचे नाहीत, काडीलाच फुलासारखे लटकत ठेवायचे. पेटवताना पातळ छिलके आधी पेटतात आणि काडी मागोमाग.

काडीचं खालचं टोक ओंडक्यावर टेकवा. चाकूचा हात सरळ ताठ करा. पात्याचा सपाट उतार काडीवर टेकवा आणि अंगाचं वजन पुढे झुकवत खाली या. हाताने ढकलायचं नाही, झुकायचं. छिलका पातळ हवा असेल तर पात्याची पाठ लाकडाच्या आणखी जवळ न्या. शेवटापासून दोन सेंटीमीटर आधी थांबा आणि पाठ किंचित उचला, म्हणजे छिलका उभा राहतो. एक छिलका काढला की त्याच्या दोन्ही बाजूंना नवी कडा तयार होते. काडी थोडी फिरवून पुढचा छिलका त्या कडेवरून काढा. सपाट भागावर छिलका रुंद आणि जाड निघतो, कडेवरून बारीक आणि कुरळा. हे कळायला मला दोन पावसाळे लागले.

पहिले वीस-तीस छिलके सुटून पडतील. पडू द्या. ते पिशवीत जमवा, तेच पहिलं जळण.

गुलमोहराचे छिलके वाकतात कमी आणि तुटतात जास्त. सुक्या सुबाभळीचे चांगले येतात. बांबूच्या आतल्या, मऊ बाजूचे तर फारच सुंदर येतात आणि पटकन पेटतात. फक्त बंद पेर असलेला अख्खा तुकडा आगीत टाकू नका. आतली हवा तापून तो फटाक्यासारखा फुटतो.

ठिणगी

फेरोसेरियमची काठी हल्ली सहज मिळते. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने हा मिश्रधातू १९०३ मध्ये शोधला. चाकूच्या पाठीने ती घासली की ठिणग्या पडतात, धारेने कधीच घासायची नाही. चाकू स्थिर धरून काठी मागे ओढा, म्हणजे रचलेल्या छिलक्यांना धक्का लागत नाही. ठिणगी झेलायला आपल्याकडे भरपूर आहे: नारळाचा काथ्या बोटांनी विंचरून त्याचा कापसासारखा गोळा करा, किंवा मार्च-एप्रिलमध्ये सावरीची बोंडं फुटल्यावर त्यांचा कापूस जमवून डबीत ठेवा. सावरीचा कापूस क्षणात भडकतो आणि क्षणात विझतो, म्हणून काथ्यात मिसळून वापरा.

हे काम वाडीवर, मालकाला विचारून, मोकळ्या मातीत, बादलीभर पाणी शेजारी ठेवून. जानेवारी ते मे गवत वाळलेलं असतं आणि एका ठिणगीने वणवा लागतो. त्या महिन्यांत मी ठिणगीचा सराव पत्र्याच्या घमेल्यातच करतो.

घरी आल्यावर

चाकूवरचा चीक आधी कोमट पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने काढा, लगेच पुसा, मग पंख्याखाली पंधरा मिनिटं ठेवा. कार्बन स्टीलच्या पात्यावर जुलैमध्ये एका रात्रीत तांबूस ठिपके येतात. सुबाभूळ किंवा आंबा कापल्यावर येणारी करडी-निळी छटा मात्र गंज नाही. ती राहू द्या, ती थोडं संरक्षणच करते. गंज लाल असतो आणि बोटाला लागतो. पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. खोबरेल मी बंद केलं, महिनाभराने ते चिकट होतं. चाकू चामड्याच्या म्यानात साठवायचा नाही. चामडं पावसाळ्यात ओल धरतं आणि आत गंज वाढतो. कागदात गुंडाळून, डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. स्टेनलेस असेल तर एवढी काळजी लागत नाही. पहिलाच चाकू पावसाळ्यात वापरणार असाल तर मी स्टेनलेसच घ्या म्हणेन.

धार लावायला निसणा किंवा काचेवर चिकटवलेला वॉटरपेपर चालतो. ४०० नंबर फक्त धार खराब झाली असेल तर, एरवी १००० आणि मग २०००. स्कँडीचं सोपं गणित असं: उताराचा सपाट भाग पूर्ण दगडावर टेकवायचा आणि तसाच सरकवायचा, कोन मोजायची गरज नाही. मार्करने उतारावर शाई लावा आणि चार वेळा सरकवा. शाई सगळीकडून सारखी गेली तर तुमचा हात बरोबर. फक्त धारेजवळून गेली तर पाठ जास्त उचलली जाते आहे. दुसऱ्या बाजूला बारीक बर (घासताना धारेवर उठणारी धातूची पातळ कड) जाणवेपर्यंत एक बाजू घासा, मग दुसरी. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, पाठ पुढे ठेवून, दोन्ही बाजू वीस-वीस वेळा ओढा.

सराव-काठी फेकू नका. तिच्यावर तारीख, लाकडाचं नाव आणि चाकूचं नाव लिहा आणि बाल्कनीत सावलीत टांगा. ओली सुबाभूळ वाळताना आकसते आणि खाचांच्या कडा स्पष्ट होतात. कुठे लाकूड उसवलं, कुठे थांबकाप जास्त खोल गेला ते दोन महिन्यांनी पहिल्या दिवसापेक्षा चांगलं दिसतं. माझ्या बाल्कनीत आता अशा नऊ काठ्या आहेत. मेमध्ये टेम्पो येण्याआधी दहाव्या काठीसाठी सोनमोहराची एक सरळ फांदी बघून ठेवायची आहे.